पुस्तकामागे पाच रुपये

गेल्या रविवारी माळा आवरायला काढला. आमच्याकडे माळा आवरायचा म्हणजे वरचं सगळं खाली काढायचं, एकेक वस्तू हातात घेऊन तासभर गप्पा मारायच्या आणि संध्याकाळी सगळं जसंच्या तसं पुन्हा वर टाकायचं. तर त्या पसाऱ्यात एक शंभरपानी वही सापडली. वर चिरंजीवांच्या त्या वेळच्या किरट्या अक्षरात लिहिलेलं, 'वाचनाचा हिशोब, मे २००९'. आत पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, पुस्तकाचं नाव, पानं, रुपये.

वही बघून आधी हसू आलं. मग पानं उलटत गेले तसं हसू थांबलं.

तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तिसरी संपली होती, पुढच्या वर्षी चौथीची स्कॉलरशिप. खरं म्हणजे त्याला वाचायला लावायची काही गरजच नव्हती. ताटावर बसला की पुस्तक, पाहुणे आले की डायनिंग टेबलाखाली पुस्तक, संडासात पुस्तक (त्यावरून ओरडाही). 'फास्टर फेणे' आणि 'गोट्या' तर किती वेळा झाले असतील. पण आपल्याला कुठे समाधान असतं? म्हटलं, वाचतोच आहे तर जरा जास्त वाचेल, नवीन काही वाचेल. त्याच सुमारास दादा आला होता. त्याने लेकीचे पाढे 'एका पाढ्याला दोन रुपये' या बोलीवर तिसापर्यंत पाठ करून घेतले होते आणि ती खडाखडा म्हणून दाखवत होती. झालं! पुस्तकामागे पाच रुपये ठरले. (दादा, तू हे वाचशीलच. रागावू नकोस, कल्पना तुझी असली तरी 'हो' मीच म्हटलं होतं.) नियम मात्र माझे. मी पडले बँकेतली. पुस्तक पूर्ण वाचलं तरच पैसे, अर्ध्याला काही नाही, आणि वहीत नोंद हवी.

आता ती नोंद बघा. पहिल्या आठवड्यात पानांच्या रकान्यात १४४, १६०, ११२ असे आकडे आहेत. दुसऱ्या आठवड्यात ६४, ४८, ८०. चौथ्या आठवड्यात १६, १६, २४, १६, आणि एकाच दिवशी चार-चार पुस्तकं! वाचनालयातल्या काकू मला म्हणाल्याही होत्या, "हल्ली तो कपाटाच्या खालच्याच कप्प्यातली पुस्तकं नेतो हो." खालच्या कप्प्यात बालवाडीची चित्रांची पुस्तकं असायची. मी कौतुकाने हसले होते. पोरगं हिशोबी निघालं, आईवर गेलं! मध्येच एका ओळीत ज्यूल व्हर्नच्या एका जाडजूड अनुवादाचं नाव आहे. पानं लिहिलेली नाहीत, रुपये लिहिलेले नाहीत, आणि नावावर आडवी रेघ मारलेली. शेवटच्या पानावर एकूण बेरीज आणि खाली 'उरले ४५'.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, योजना बंद झाली. आणि वाचनही बंद झालं. तेव्हा आम्ही म्हटलं, अभ्यास वाढला. पण मला आतून काहीतरी खटकत राहिलं होतं. पुढे काही वर्षांनी डॅनिअल पिंक यांचं 'ड्राइव्ह' हे पुस्तक हाती पडलं. गंमत म्हणजे ते अमेरिकेत प्रसिद्ध झालं तेही २००९ च्याच डिसेंबरात. आमच्या वहीला सात महिने उशीर झाला. तिथून मागे मागे जात जे मिळेल ते वाचत गेले. ही गोष्ट सुरू होते ती माकडांपासून.

साल १९४९. अमेरिकेत मॅडिसन इथल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेत ऱ्हीसस जातीची माकडं होती (म्हणजे आपल्याकडची लाल तोंडाची, उत्तरेतली). हार्लोंना माकडं शिकतात कशी ते बघायचं होतं. त्यासाठी एक यांत्रिक कोडं तयार केलं: एक खिट्टी, एक आकडा आणि एक कोयंडा. आधी खिट्टी उपसायची, मग आकडा काढायचा, मग कोयंडा उघडायचा. आपल्या जुन्या दाराच्या कड्या आठवा, तसलंच काहीतरी. आठ माकडं घेतली आणि ओळख व्हावी म्हणून कोडी आधीच काही दिवस पिंजऱ्यात ठेवून दिली. खरा प्रयोग पुढे, खाऊ देऊन करायचा होता.

पण माकडं थांबलीच नाहीत. कोणी शिकवलं नाही, शेंगदाणा दिला नाही, पाठ थोपटली नाही, तरी ती त्या कड्यांशी झटायला लागली. दोन आठवड्यांच्या आत बहुतेक वेळा कोडं मिनिटाभरात सुटायला लागलं.

यात विशेष काय, असं तुम्हाला वाटेल. माकडच ते, मर्कटचेष्टा करणारच! पण त्या काळच्या विद्वानांना हे पचणारं नव्हतं. येलमध्ये क्लार्क हल यांचं मोठं प्रस्थ होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की प्राणी हलतो तो भूक, तहान, कामवासना, वेदना यांसारख्या गरजांच्या टोचणीने. हार्वर्डमध्ये बी. एफ. स्किनर होते. त्यांच्या कबुतरांनी तर सिद्धच केलं होतं की ज्या वागण्याला दाणा मिळतो ते वागणं वाढतं. आणि इथे पोट भरलेली माकडं फुकटात कड्या उघडत बसली होती. कशासाठी?

मग हार्लोंनी मनुके आणले. कोडं सोडवलं की मनुका. आता माकडं आणखी चपळाईने सोडवतील, असंच कोणीही म्हणेल. झालं उलटं. चुका वाढल्या, गडबड वाढली. माकडांचं लक्ष कड्यांवरून उठून मनुक्यावर गेलं. १९५० साली हार्लो, त्यांच्या पत्नी मार्गारेट आणि डोनाल्ड मेयर यांनी हे छापलं. भूक-तहानेसारखीच हाताने खटपट करत राहण्याची एक स्वतंत्र ओढ असते, करण्यातला आनंद हेच करण्याचं बक्षीस, असं त्यांनी मांडलं. 'आंतरिक प्रेरणा' म्हणून आज जे शिकवतात त्याची ही एक मुळी.

आणि पुढे काय केलं त्यांनी? जवळजवळ काहीच नाही! हार्लो दुसरीकडे वळले. तारेची आई आणि मऊ कापडाची आई करून माकडांच्या पिल्लांवर जे प्रयोग झाले ते हेच हार्लो. नंतर तर पिल्लांना महिनोन् महिने एकटं कोंडून ठेवण्यापर्यंत मजल गेली. तो भाग वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. ज्या माणसाला माकडाच्या हातातला आनंद दिसला, त्यालाच हे कसं करवलं असेल? असो.

मनुक्याचा धागा पडून राहिला तो वीसेक वर्षं. मधल्या काळात कोणी काही बोललंच नाही असं नव्हे. १९५९ मध्ये रॉबर्ट व्हाइट यांनी एका लेखात म्हटलं की रांगणारं मूल डबे पाडतं, झाकणं उघडतं ते आपल्यामुळे जगात काहीतरी घडतं, याचा अनुभव घ्यायला. पण पैसे दिल्याने त्या आनंदाचं काय होतं, हे माणसांवर तपासून बघितलं ते एडवर्ड डेसी या तरुण संशोधकाने, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात.

त्याने निवडलेलं कोडं फार सुंदर आहे. सोमा ठोकळा. लहान घनांचे बनलेले सात वेडेवाकडे तुकडे, नीट जुळवले तर तीन बाय तीन बाय तीनचा अखंड घन. डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी तो १९३० च्या दशकात शोधला; हायझेनबर्ग यांचं पुंजभौतिकीवरचं व्याख्यान ऐकता ऐकता सुचला म्हणतात. (मला व्याख्यानात फक्त घरी भाजी काय करायची ते सुचतं.) घन जुळवायच्या २४० वेगवेगळ्या रीती आहेत, शिवाय सोफा, कुत्रा, बोगदा असे हवे ते आकार करता येतात. एकदा हातात घेतला की सुटत नाही.

डेसीने चोवीस विद्यार्थी घेतले, बारा-बारांचे दोन गट. प्रत्येकाने तीन दिवस यायचं आणि कागदावर दाखवलेले आकार सोमाने जुळवायचे. पहिल्या दिवशी कोणालाच काही नाही. दुसऱ्या दिवशी एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर. तिसऱ्या दिवशी पुन्हा काही नाही, आणि आज पैसे नाहीत हे आधीच सांगून टाकलेलं. दुसऱ्या गटाला तिन्ही दिवस काहीच नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. दर वेळी मध्येच डेसी काहीतरी कारण काढून आठ मिनिटं बाहेर जायचा. "तोवर तुम्हाला हवं ते करा," म्हणायचा. टेबलावर 'न्यूयॉर्कर', 'टाइम', आणि तरुण मुलं म्हणून 'प्लेबॉय'सुद्धा ठेवलेला! आणि काचेआडून मोजायचं काय, तर त्या आठ मिनिटांत मुलं आपखुशीने किती सेकंद कोड्याला हात लावतात. एखादं काम कोणी बघत नसताना आपण किती वेळ करतो, ते मोजायचं. मला ही कल्पना इतकी आवडली! प्रेमाची याहून साधी फूटपट्टी मी तरी पाहिलेली नाही.

पैसे मिळणाऱ्या गटाने पहिल्या दिवशी सरासरी २४८ सेकंद कोड्याशी घालवले होते. डॉलरच्या दिवशी ३१४. आणि डॉलर बंद झाल्यावर १९८. म्हणजे होतं त्याच्याही खाली. ज्यांना कधीच काही मिळालं नाही ते मात्र तिसऱ्या दिवशी थोडे वरच गेले. फरक लहान, मुलं मोजकी. आकडेशास्त्राच्या काटेकोर कसोटीला हा निकाल जेमतेमच टिकतो. पण १९७१ साली तो छापून आला आणि खळबळ उडाली. त्याच लेखातल्या आणखी एका प्रयोगात पैशांऐवजी तोंडी शाबासकी दिली होती, तेव्हा ओढ कमी झाली नाही.

दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी हेच बालवाडीत करून बघितलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाची बिंग नर्सरी स्कूल, तीन ते पाच वर्षांची मुलं. स्केचपेनने चित्रं काढायला आवडतात, अशी ५१ मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर हे प्रशस्तिपत्र मिळेल: सोनेरी चांदणी, लाल फीत, वर मुलाचं नाव. दुसऱ्या गटाला आधी काहीच सांगितलं नाही, चित्र झाल्यावर अचानक तेच हातात ठेवलं. तिसऱ्याला काही नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसते मांडून ठेवले आणि कोण किती वेळ त्यांच्यापाशी रमतं ते पाहिलं. ज्यांनी बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलं होतं, ती मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ तिथे थांबली.

अचानक बक्षीस मिळालेल्यांना काही झालं नाही, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. चांदणी तीच, फीत तीच. बिघडवलं ते बक्षिसाने नव्हे, 'अमुक केलंस तर तमुक देईन' या बोलीने. लेपर यांचं स्पष्टीकरण असं की आपण आपल्याच वागण्याकडे बाहेरून बघून स्वतःविषयी अंदाज बांधत असतो. मी चांदणीसाठी चित्र काढतोय, म्हणजे चित्र काढणं हे चांदणी मिळवण्याचं काम. आणि कामच असेल, तर चांदणीशिवाय कशाला करायचं?

आणि काम म्हटलं की कमीत कमी कष्टांत ते उरकणं हा शहाणपणाच. माझ्या मुलाने सोळा पानांची पुस्तकं निवडली यात त्याचं काय चुकलं? भाव मीच लावला होता, तोही पानाचा नाही, नगाचा!

भावावरून आठवलं. बक्षिसाचीच उलटी बाजू म्हणजे दंड. इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी दहा पाळणाघरं घेतली. पालक मुलांना न्यायला उशिरा येतात, ही सगळीकडचीच रड. चार आठवडे नुसतं मोजलं, मग सहा पाळणाघरांत उशिराला १० शेकेल दंड लावला. उशिरा येणारे कमी झाले? छे! जवळपास दुप्पट झाले. आधी पाळणाघरातल्या बाई थांबून राहतात म्हणून लाज वाटायची. आता दहा शेकेल टाकले की मोकळे. दंडाचा भाव झाला. २००० साली हा लेख आला तेव्हापासून अर्थशास्त्रज्ञ त्याचा दाखला देत आले आहेत. पण मला हलवून गेला तो त्याचा शेवट. सतराव्या आठवड्यात दंड उठवला, आणि उशिरा येणारे कमी झाले नाहीत. प्रयोग संपेपर्यंत आकडा तिथेच चढलेला राहिला. पैसे मागे घेता येतात, लाज परत आणता येत नाही.

मी जूनमध्ये योजना बंद केली तेव्हा मला वाटलं होतं, आता सगळं पूर्ववत होईल.

पण नुसतं एका बाजूचं सांगितलं तर ते बरोबर होणार नाही. १९९४ मध्ये कॅमेरॉन आणि पीअर्स यांनी शंभराच्या आसपास अभ्यास एकत्र करून म्हटलं की बक्षिसांचा बागुलबुवा उगाच केलाय. नुकसान होतं ते फार थोड्या परिस्थितीत. त्यावर डेसी, केस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये १२८ अभ्यास जमवून उत्तर दिलं की नाही, आधी कबूल केलेलं, हातात पडणारं बक्षीस आवडीच्या कामाची ओढ कमी करतंच. भांडण पुष्कळ वर्षं चाललं. त्यातून निदान एवढं दिसतं की मुळातच कंटाळवाण्या कामाला हा नियम लागू नाही. जिथे आनंदच नाही तिथे बक्षीस काय हिरावून घेणार? म्हणून दादा, तुझे पाढे बिनधास्त. सत्तावीसचा पाढा कोणी प्रेमाने म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे यावर एक मोठा सिद्धांतच उभा केला. माणसाला तीन गोष्टी लागतात, असं तो सांगतो: आपल्या मनाने काही करता येणं, ते जमतंय असं वाटणं, आणि कोणाशी तरी जोडलेलं असणं. त्यात खालचा कप्पा-वरचा कप्पा नाही, पायऱ्या नाहीत, म्हणून तो मला मास्लोंच्या प्रसिद्ध पिरॅमिडपेक्षा जवळचा वाटतो. (मास्लोही हार्लोंचेच विद्यार्थी. जग लहान आहे!)

आणि आता माझी खरी पंचाईत. रोलँड फ्रायर नावाच्या हार्वर्डच्या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेत शाळकरी मुलांना पैसे देऊन पाहिलं, मोठ्या प्रमाणावर. त्याचे निष्कर्ष २०११ साली आले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांचे पैसे दिले, फरक पडला नाही. पण डॅलसमध्ये दुसरीतल्या मुलांना एक पुस्तक वाचून त्यावरची प्रश्नमंजुषा सोडवली की दोन डॉलर दिले. साल २००७-०८. म्हणजे थेट आमचीच वही, नुसती डॉलरमध्ये! आणि तिथे? वाचलेलं समजण्याच्या चाचणीत मुलांचे गुण वाढले. वाचनाची गोडी आटल्याचा फारसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

हे वाचल्यावर मी दोन दिवस विचार करत होते. मला बरं वाटायला हवं होतं, नाही का? माझ्या डोक्यावरचा आरोप कोणीतरी उतरवला होता. पण मग लक्षात आलं की त्यांनी मोजलं ते वाचलेलं किती समजलं; गोडीसाठी मुलांना प्रश्न विचारले होते. काचेआडून आठ मिनिटं कोणी बघितलं नव्हतं. आणि त्या वर्गात बहुतेक अशी मुलं असतील ज्यांच्या घरी पुस्तकांचा खालचा कप्पाही नसेल. माझा मुलगा टेबलाखाली बसून वाचणारा होता. त्याला पैसे देण्याची गरजच काय होती, या प्रश्नाला डॅलसमध्ये उत्तर नाही. अर्थात माझ्याकडेही पुरावा नाही. एकुलता एक मुलगा, एकच उन्हाळा. आमच्या घरात दुसरा गट नव्हता. त्याच वर्षी घरी कॉम्प्युटर आला, मग स्कॉलरशिप, मग क्लास, मग मोबाइल. वाचन कशाने सुटलं, कोण सांगणार?

म्हणून त्यालाच विचारलं. तो आता नोकरीसाठी बंगळूरला असतो. रात्रीच्या फोनवर वहीचं सांगितलं, तर आधी खदखदून हसला. "माझे पंचेचाळीस रुपये राहिलेत, माहितीये?" मी म्हटलं, देते बाबा, पण एक सांग, तुझं वाचन का रे सुटलं?

"काय माहीत. असंच."

मग मी त्या रेघ मारलेल्या ओळीचं विचारलं. ज्यूल व्हर्नचं.

तो जरा थांबला. म्हणाला, "अगं, ते मस्त होतं. निम्म्यापर्यंत वाचलं होतं मी. पण फार जाड होतं ना. तेवढ्या वेळात पातळ पाच-सहा झाली असती. आणि तू अर्ध्याचे देत नव्हतीस."

मी काहीच बोलले नाही. मग म्हटलं, आणून ठेवू का? दिवाळीला आलास की वाच.

"नको गं, आता कुठे वाचणार. तूच सांग ना, शेवटी काय होतं त्यात?"

मला कुठे माहीत होतं! त्या महिन्यात मी पानं मोजली होती, पुस्तक उघडून एकही बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना वाचनालयात गेले. पुस्तक होतं, वरच्या कप्प्यात. सध्या एकशे दहाव्या पानावर आहे.